पुष्कराजाची पारख आणि पावती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंहस्थ आला की पंचवटीपासून त्र्यंबकेश्वरपर्यंत रुद्राक्ष आणि खड्यांची दुकाने वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. खडा लाभतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. पण ज्याचे पैसे मोजले तोच खडा हाती पडला का, हे मात्र तपासता येते.

सर्वात जास्त घोळ पुष्कराजात होतो. खरा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम, अर्थात कोरंडम हे खनिज. त्याच्या नावावर टोपाझ आणि त्याहून कितीतरी स्वस्त सुनेला (पिवळा क्वार्ट्झ, म्हणजे सिट्रीन) सर्रास खपतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, पाण्यात कळतो. खडा अंगठीत बसवण्याआधी, सुटा असतानाच त्याचे वजन घ्या. मग पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जो आकडा दाखवेल, त्याने आधीच्या वजनाला भागा. पुष्कराजाचे उत्तर ४ च्या आसपास येते, टोपाझचे ३.५, सुनेल्याचे २.६५. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर उत्तर चुकते, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. काटा मिलिग्रॅम दाखवणारा, सराफाकडचाच हवा. किराणा दुकानातला उपयोगाचा नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. कारखान्यात बनवलेला पुष्कराजही कोरंडमच, त्यामुळे त्याचेही उत्तर ४ च येणार. तिथे दहापट भिंगातून वक्र रेषा किंवा गोल बुडबुडे शोधावे लागतात. तेवढी नजर नसेल तर प्रयोगशाळेचा दाखला घ्यावा.

माणकाचे दुखणे वेगळे. भेगांमध्ये शिसेयुक्त काच भरलेली माणके स्वस्तात मिळतात. पुढे अंगठी झाळताना आच लागली किंवा लिंबाने घासली, की ती काच खराब होते आणि भेगा उघड्या पडतात. पाचूच्या भेगांत तेल असते. गरम पाण्याने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने ते निघून जाते.

हॉलमार्क आणि एचयूआयडी (दागिन्यावर कोरलेला ओळख क्रमांक) पाहून अनेकजण निर्धास्त होतात. ती खूण सोन्याच्या शुद्धतेची आहे, खड्याशी तिचा संबंध नाही. पावतीवर 'पुष्कराज १ नग' एवढेच लिहून घेऊ नका. खनिजाचे नाव, नैसर्गिक की कृत्रिम, कोणती प्रक्रिया केली आणि कॅरेटमधले वजन, हे सगळे लिहून मागा. बाजारातली रत्ती साधारण ०.९१ कॅरेटची धरतात; म्हणजे ५ रत्तीचा खडा ४.५५ कॅरेट, ०.९१ ग्रॅम. अंगठीच्या एकूण वजनातून हे वजन वजा झाले का, तेही पाहा. नाहीतर जवळपास एक ग्रॅम खड्याला खड्याची किंमत देऊन वर सोन्याचा भावही मोजला जातो.

आपला,
एक रत्नपारखी वाचक, नाशिक