हिरव्या दिवसांचा भरवसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाळीची नोंद ठेवणारी आणि ‘नको त्या विषयांची’ माहिती देणारी ॲप्स पालकांनी मुलांच्या मोबाइलमधून काढून टाकावीत, असं एका वाचकाचं पत्र आपल्या सदरात वाचलं. चार महिन्यांपूर्वी मीही हेच लिहिलं असतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या फोनवर असलं एक ॲप दिसलं, तेव्हा ते उडवायला माझं बोट पुढे झालंही होतं. बायको म्हणाली, ‘आधी वाच तरी.’ मुलीला विचारलं. तोंड वाकडं करत का होईना, तिने दाखवलं.

कंडोम कसा वापरायचा, गोळी चुकली तर काय करायचं, ‘नाही’ कोणत्याही क्षणी म्हणता येतं, हे सगळं त्यात साध्या शब्दांत होतं. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं मलाच नीट ठाऊक नव्हतं. दर वेळी बिनचूक वापर केला, तर केवळ कंडोमवर विसंबणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी दोघांकडे वर्षभरात गर्भ राहतो. पण माणसं प्रत्यक्षात जशी वापरतात तसा वापर धरला, तर तेरांकडे. मधला फरक रबराचा नाही, वापराचा आहे: उशिरा चढवणं, तेलकट क्रीम लावणं, ‘आज राहू दे’ म्हणणं. असली चूक चित्रातून चटकन समजते आणि चारचौघांत हात वर करून विचारावी लागत नाही. एचआयव्ही आणि इतर लैंगिक संसर्गांपासून बचाव करणारं गर्भनिरोधकही कंडोमच. गोळ्या किंवा तांबी ते काम करत नाहीत.

पण त्याच ॲपमध्ये एक कॅलेंडर होतं, काही दिवस लाल आणि बाकीचे हिरवे. हिरवे म्हणजे ‘सुरक्षित’. माझी तक्रार आहे ती या हिरव्या रंगाबद्दल. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे हिशेब येणाऱ्या तारखेपासून मागे करायचा, आणि ॲपच्या हाती असतात फक्त गेलेल्या तारखा. पाळी घड्याळासारखी येत असेल तर अंदाज थोडाफार जुळेल. पण पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत दोन पाळ्यांमधलं अंतर २१ दिवसांपासून ४५ दिवसांपर्यंत असू शकतं. त्यातच शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. अशा वयात कोणता दिवस हिरवा म्हणायचा? २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ‘नॅचरल सायकल्स’ या ॲपला गर्भनिरोधक म्हणून पहिल्यांदा परवानगी दिली. ते तारखांबरोबर शरीराचं तापमानही नियमित घ्यायला लावतं, आणि तरीही त्याची परवानगी १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे. मग नुसत्या तारखा मोजणाऱ्या ॲपने शाळकरी मुलीला हिरवा कंदील का दाखवावा?

त्याऐवजी ठळक अक्षरांत हवी ती तातडीच्या गोळीची माहिती. यातली नेहमी वापरली जाणारी गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. दुसऱ्या एका प्रकारची गोळी १२० तासांपर्यंत चालते, पाच दिवसांच्या आत तांबीही बसवता येते. इथे तास मोजायचे असतात, आणि घाबरलेल्या मुलीला नेमकं तेच जमत नाही. तास मोजणं आणि जवळचं आरोग्य केंद्र दाखवणं फोनला सहज जमेल. आमच्या ॲपमध्ये ही माहिती सहाव्या पानावर होती. कॅलेंडर मात्र उघडल्या उघडल्या समोर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये दरवर्षी सुमारे २ कोटी १० लाख गर्भधारणा होतात आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या नको असलेल्या असतात. ॲप उडवून हा आकडा उतरणार नाही. मुली ते परत घेतील, या वेळी लपवून.

एक धास्ती मात्र मलाही आहे. पाळीच्या तारखा, संबंधांच्या नोंदी, हे सगळं जातं कुठे? ‘फ्लो’ या लोकप्रिय ॲपवर वापरणाऱ्यांची माहिती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांच्या विश्लेषण सेवांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने केला होता. २०२१ मध्ये त्यात तडजोड झाली. तेव्हा खरं नाव, ईमेल न मागणारं आणि नोंदी फोनमध्येच ठेवणारं ॲप निवडावं. हे मुलांना आपण सांगायला हवं.

आणि हो, मुलांना म्हणजे मुलग्यांनाही. मला मुलगाही आहे, अठराचा. त्याच्या फोनमध्ये यातलं काहीच नव्हतं आणि त्याची काळजी आम्हा दोघांपैकी कुणालाच वाटली नव्हती.

हे पत्र पाठवण्याआधी मुलीला वाचायला दिलं. तिने दोन वाक्यं खोडली आणि नाव न छापण्याची अट घातली. ती पाळावी, ही विनंती.

आपला,
एक पालक