तुझा तो दाराचा मुद्दा

प्रिय श्रीधर,

सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यापासून तुला पत्र नाही, याची लाज आहेच; पण आज जे सांगायचे आहे ते दुसऱ्या कोणाला सांगू लागलो, की समोरचा माणूस घड्याळ पाहू लागतो. प्रकृती ठीक. साखर आहे तेवढीच आहे.

भाताच्या करप्यावर, म्हणजे बुरशीमुळे होणाऱ्या त्या रोगावर, नवा प्रकल्प मागायचा आहे. त्याच्या मसुद्यात वरिष्ठांनी एक वाक्य घातले आहे की, पीटीएच-११ हा रिसेप्टर, म्हणजे बुरशीला पान ओळखू देणारे प्रथिन, निकामी करणारे रसायन शोधून तीन वर्षांत त्याची फवारणी तयार केली जाईल. आणि त्याखाली माझी सही हवी आहे. म्हणजे तुझाच जुना मुद्दा: चोर घरात शिरल्यावर काठी शोधण्यापेक्षा त्याला दारच सापडू देऊ नये. या मुद्द्यापायी आपण कॅन्टीनमध्ये किती चहा थंड केले, आणि पैसे दर वेळी मीच का दिले, हे अजून उलगडलेले नाही.

तुझ्या बाजूचे आधी मान्य करतो. परवा आमच्या विद्यार्थिनीने पीटीएच-११चे जनुक काढलेल्या बुरशीचे बीजाणू प्लास्टिकच्या कव्हरस्लिपवर थेंबात ठेवले. शेजारच्या थेंबातल्या मूळ बुरशीने सकाळपर्यंत अंकुरनलिकांच्या टोकांशी काळसर, गोल अ‍ॅप्रेसोरियम, म्हणजे पान भेदणारे फुगीर अवयव, धरले होते. जनुक काढलेल्या बुरशीच्या बहुतेक नलिका मात्र नुसत्याच लांबत, वळत गेल्या होत्या. खालचा पृष्ठभाग कठीण आहे, पाणी धरत नाही, म्हणजे पान आले, हे त्यांना कळलेच नव्हते. मग विद्यार्थिनीने सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू, घातले आणि त्याच बुरशीने निमूटपणे अ‍ॅप्रेसोरियम केले.

माझे घोडे तिथेच अडते. आतली निरोपाची साखळी शाबूत आहे. बाहेरचा कान गेला तरी दुसरीकडून हाक पोचली की ती चालते. शो-१ आणि एमएसबी-२ हे आणखी दोन पहारेकरी पृष्ठभाग ओळखून पीएमके-१ला, म्हणजे त्या साखळीतल्या अ‍ॅप्रेसोरियम घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, जागे करतातच. १९९९च्या त्या शोधनिबंधात, ज्यावर तू चहा सांडला होतास, हे जनुक नसलेले बीजाणूही मूळ बुरशीच्या १०-१५ टक्के अ‍ॅप्रेसोरियम करतात, आणि ती कामही करतात, असे स्वच्छ लिहिले आहे. शिवाय हाच रिसेप्टर अयोग्य पृष्ठभागावर अ‍ॅप्रेसोरियम रोखूनही धरतो. त्याला बंद केले, तर बुरशीच्या कोणत्या वाणात आपण लगाम काढून टाकू, हे शेतात फवारल्यावर शोधायचे का?

तू ट्रायसायक्लाझोल या करप्यावरच्या बुरशीनाशकाला आडदांड म्हणायचास. आडदांड खरेच, पण ते ओळखीच्या भानगडीत पडत नाही; मेलानिन हे काळे रंगद्रव्य बनू देत नाही, आणि मेलानिनच्या थराशिवाय ८ मेगापास्कलपर्यंतचा दाब अ‍ॅप्रेसोरियममध्ये साठतच नाही. जिथे आडवाट नाही तिथे मारावे, हे माझे म्हणणे कायम आहे. रिसेप्टरच हवा असेल, तर २०१९मध्ये पुढे आलेला एसएलएन-१ घ्यावा. तो आतला दाब जोखतो; तो नसला तर दाब भरमसाट चढतो, पण पान भेदले जात नाही. हे मी मसुद्यात सुचवले, तेव्हा ‘नंतर पाहू’ असे उत्तर आले.

वाक्य बदलून ‘पीटीएच-११ केव्हा चालना देतो आणि केव्हा रोखतो, याचा अभ्यास’ असे लिहिले तर मी आनंदाने सही करीन. पैसे बहुधा मिळणार नाहीत आणि विद्यार्थिनीची फेलोशिप लटकेल, एवढीच अडचण. तू माझ्या जागी असतास तर सही केली असतीस, हे मला ठाऊक आहे. का केली असतीस, ते हवे आहे.

कन्येच्या प्रवेशाचे कळले, अभिनंदन. नवी नोकरी मानवते ना? वहिनींना नमस्कार. उत्तर लिहूनच पाठव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
विनायक