बोटीने काय दिवे लावले!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला संध्याकाळच्या बोटसफरीवरचा लेख वाचला. कालच लिहायला बसलो होतो, पण रागाच्या भरात कागद काळे करू नका असे घरातून सांगण्यात आले. म्हणून आज लिहितो आहे. राग आहे तेवढाच आहे.

लेख छान आहे. मावळता सूर्य, गोदामाईची झुळूक, कागदी कपातला चहा, सगळे आले. लाइफ जॅकेटवर चांगले दोन परिच्छेद आहेत, ते हवेतच. दिव्यांवर मात्र एक ओळ नाही. जी आहे ती फोटोखाली : ‘विद्युत रोषणाईने नटलेली बोट’. संपादक महोदय, पुढच्या टोकावरचे ते लाल-हिरवे दिवे ही रोषणाई नव्हे. बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा, हे समुद्रावरच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेले आहे, आणि लहान बोटींचे दिवे त्याच रीतीने बनतात. तुमच्या फोटोत बोट समोरून येते आहे, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला हिरवा हवा. तिथे लाल आहे. फोटो उलटा छापला असेल म्हणून भिंगाने पाहिले, तर बोटीवरचे नाव सुलट वाचता येते. तेव्हा दोष छापखान्याचा नाही.

मी तीस वर्षे खांबावर चढून तारा जोडल्या आहेत. डावे-उजवे चुकते कसे ते मला विचारा. बसवणारा बोटीच्या नाकाडावर, म्हणजे पुढच्या टोकावर बसतो, तोंड मागे करतो आणि ‘हा डावा’ म्हणून लाल काच लावून मोकळा होतो. चूक साधी आहे, परिणाम साधा नाही.

मागच्या हिवाळ्यात नांदेडजवळच्या विष्णुपुरी धरणाच्या बॅकवॉटरला पुतण्याच्या बोटीत होतो. दिवस बुडून गेला होता, पाणी आणि काठ एक झाले होते. उजव्या हाताला एक हिरवा दिवा दिसला. हिरवा दिसला म्हणजे आपल्याला तिची उजवी बाजू दिसते आहे, म्हणजे ती उजवीकडे, आपल्यापासून लांब निघाली आहे. पुतण्या म्हणाला, ‘‘काका, ती गेली.’’ आम्ही सरळ निघालो. दिवा मात्र जायचे नाव घेईना, उलट मोठा होत गेला. ती बोट आमच्या वाटेत आडवी येत होती! तिचा लाल दिसला असता तर आम्हीच थांबलो असतो, कारण उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीला वाट द्यायची असते. पुतण्याने इंजिन रिव्हर्सला टाकले आणि ती चार हातांवरून गेली. त्यात दोन लेकरे होती. मी ओरडलो तर चालकाचे उत्तर : ‘‘काका, दिवे तर लावलेत ना!’’

लावलेत. काय दिवे लावलेत ते आम्ही पाहिलेच. दुसऱ्या दिवशी मालकाकडे मुद्दाम गेलो. त्यांनी चहा पाजला आणि ‘‘गिऱ्हाईकाला कलर आवडतो’’ असे सांगितले. आठ दिवसांनी बोटीला निळी पट्टीही लागली. लाल-हिरवे होते तिथेच.

आणि ते हॅलोजन! जीपला असतो तसा पुढे झोत हवा, ही समजूत कुठून आली कळत नाही. चालत्या बोटीचे दिवे आपल्याला दिसावे म्हणून नसतात, आपण दुसऱ्याला दिसावे म्हणून असतात. झोत डोळ्यावर पडला की अंधाराला सरावलेली नजर पुन्हा पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे जातात. तोवर समोरच्याने काय अंदाजपंचे हाकायचे?

बटणाचेही तेच. बहुतेक लहान बोटींत मधे बंद, एकीकडे चालतानाचे सगळे दिवे आणि दुसरीकडे फक्त वरचा पांढरा असतो. तो एकटा पांढरा नांगर टाकून उभे राहिल्यावर लावायचा. आमचे लोक बॅटरी वाचवायची म्हणून पळत्या बोटीतही तोच ठेवतात. लांबून वाटते कुणी काठावर कंदील घेऊन बसले आहे. अहो, आता एलईडी आहेत, बारा व्होल्टच्या बॅटरीला ते जाणवतही नाहीत. सात मीटरच्या आतल्या आणि सात नॉटच्या (ताशी सुमारे तेरा किलोमीटरच्या) वर न जाणाऱ्या बोटीला एकटा पांढरा चालतो, वल्ह्याच्या होडीला तर वेळेवर दाखवायला हातात टॉर्च असला तरी पुरतो. पण इंजिन लावून फेसाळत जाणाऱ्यांनी ती सवलत घेऊ नये. आणि समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचे. रस्त्यावरच्या सवयीने हात डावीकडे जातो, म्हणून सांगितले.

वाळूच्या तराफ्यांना दिवा नसतो, ते मी समजू शकतो. त्यांना दिसायचेच नसते. पण तिकीट फाडणाऱ्या बोटीला काय अडचण आहे? केंद्राने १९१७ चा जुना कायदा बदलून २०२१ मध्ये नवा इनलँड व्हेसल्स (नदी-तलावांतल्या बोटींचा) कायदा केला, त्यात दिवे-खुणांचा विषय आहे. आपल्या वार्ताहराने त्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर चहाच्या कपाचे वर्णन तेवढे कमी झाले असते, इतकेच.

जाता जाता, विषय निघालाच आहे तर : जायकवाडीचा पाणीसाठा टक्केवारीसह रोज छापता, विष्णुपुरीचा आकडा कधी येतो, कधी गायब. आम्हीही नळाचेच पाणी पितो. आणि माझे मागचे पत्र निम्मे कापले होते. हे कापायचेच असेल तर बोटीचे डावे-उजवे तेवढे ठेवा.

आपला,
एक निवृत्त लाइनमन, नांदेड