उंचीची पट्टी जिन्याखाली लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी मी, बायको, आई आणि दोन पोरं असे एका मोठ्या रिसॉर्टच्या वॉटर पार्कला जाऊन आलो. पार्क मस्त आहे, पाणी स्वच्छ, चेंजिंग रूमसुद्धा धड, आई तर दोन तास लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर बसून गोल गोल फिरत होती, बाहेर यायलाच तयार नाही. माझं भांडण झालं ते एका उंची मोजायच्या पट्टीशी.

धाकट्याला सगळ्यात उंच स्लाइडच करायची होती, सकाळपासून तेच टुमणं. म्हणून ट्यूब डोक्यावर धरून जिन्यावर रांगेत उभे राहिलो, पाऊण तास, ऊन वरून आणि तापलेल्या पायऱ्या खालून, पोरगा एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचतोय. वर पोचलो तर तिथे पट्टी, 120 सेंटीमीटर. हा भरला 117. तिथला मुलगा, असेल वीस-एकवीसचा, म्हणाला, ‘नाही सर, नाही सोडता येणार.’ आता सांगायला लाज वाटते पण मी पोराला हळूच म्हणालो, टाचा उचल. त्याने उचलल्या. त्या मुलाने वाकून टाचा बघितल्या आणि मग माझ्याकडे बघितलं, बोलला काहीच नाही. मग मी आवाज चढवला, तीन सेंटीमीटरने काय होतंय, मी आहे ना सोबत, तिकीट घेताना बरं नाही सांगितलंत वगैरे. तो हलला नाही. शेवटी त्याच जिन्यावरून, वर येणाऱ्या सगळ्यांना ‘जरा सरका, जरा सरका’ करत, रडणारं पोर घेऊन खाली.

दुपारी वेव्ह पूल. भोंगा वाजला, लाटा सुरू झाल्या, आम्ही कमरेएवढ्या पाण्यात, म्हणजे माझ्या कमरेएवढ्या. एकदम शिट्टी वाजली आणि लाइफगार्डने उडी टाकून माझ्यापासून चार हातांवरून एक सात-आठ वर्षांची मुलगी उचलली. मी तिच्याकडेच तोंड करून उभा होतो हो! मला वाटलं लाटांवर उड्या मारतेय. ओरडणं नाही, हात वर करणं नाही, नुसतं तोंड आभाळाकडे आणि डोकं वर-खाली. बुडणाऱ्याला श्वासच पुरत नाही, ओरडणार कुठून. लाट आली की पाय सुटतात आणि ते टेकायच्या आत दुसरी येते, मोठ्यांना हे कळतही नाही. पोरगी खोकली, रडली, ठीक होती. तिचे वडील तिथेच होते, मोठ्या मुलाचा व्हिडिओ काढत. त्यांना काय बोलणार, माझं तरी कुठे लक्ष होतं.

तेव्हा म्हटलं, जिन्यावरचा तो मुलगा तरी दुसरं काय करत होता. स्लाइड संपते तिथल्या पाण्यात पाय टेकतील का, ट्यूबचं हँडल हातात नीट येईल का, वळणावर अंग आवरेल का, असं सगळं त्या 120 च्या आकड्यात असतं, आणि बाप सोबत असला म्हणून पोराचे पाय लांब होत नाहीत.

पण मग ती पट्टी वर का? पाऊण तास तापल्यावर आईबाप भांडणारच. रांगेच्या तोंडाशी लावा. त्याहून बरं म्हणजे गेटवरच चपला काढायला लावून एकदा उंची मोजा आणि मनगटाला उंचीप्रमाणे ठरलेल्या रंगाचा पट्टा बांधा, बऱ्याच ठिकाणी करतात असं. पोराला सकाळीच कळेल कुठे जायचं कुठे नाही, रडेल पाच मिनिटं. आणि वेव्ह पूलपाशी छोट्या मापाची लाइफ जॅकेट भरपूर ठेवा, आमच्या वेळी सगळी मोठीच उरली होती, ती पोरांच्या कानापर्यंत येतात. दंडातल्या त्या फुग्यांवर तर बिलकूल विसंबू नये, निसटतात.

निघताना त्या मुलाला सॉरी म्हणायला परत जिना चढून गेलो होतो, पण त्याची ड्युटी बदलली होती, तिथे दुसराच कोणी उभा होता. म्हणून इथे लिहितोय.

आपला,
एक वाचक