बाइंडरकाका, तुमच्या खळीची उधारी

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. न. वि. वि.

मायन्यापाशीच हात अडखळला. तीर्थरूप लिहायला तुम्ही नात्यातले नाही आणि श्रीयुत लिहिलं तर चष्मा कपाळावर सरकवून ‘हे कोण?’ म्हणाल. म्हणून शाळेत घोकलेलं तीर्थस्वरूप. पत्र उघडं आहे, कुणीही वाचेल. तुम्हाला ते तुमची नात फोनवरून वाचून दाखवणार आहे, तसं तिनं कबूल केलंय. मध्ये मध्ये परदेशी नावं येतील, तिथं ती अडखळली तर तिच्यावर ओरडू नका.

गेल्या महिन्यात माझं प्रदर्शन होतं. एक कॉलेजातली मुलगी वही घेऊन आली. मिश्र माध्यमात काम करता, तर प्रेरणा कुणाची, असं तिनं विचारलं. मी पाठ असल्यासारखी नावं सांगितली: पिकासो, श्वीटर्स, राउशेनबर्ग, आपले चित्रकार प्रभाकर बरवे. तिनं लिहून घेतली. मग ती एका चित्राजवळ गेली, नाक जवळजवळ कागदाला लावलं आणि म्हणाली, “पण हे सगळं चिकटवलंय कशानं?”

काका, मला हसू आलं आणि पाठोपाठ लाजही वाटली. कारण हाच प्रश्न तुम्ही मला विचारला होतात, आणि त्याचं उत्तर मला तुमच्याकडूनच मिळालं होतं. आजवर माझ्या एकाही कॅटलॉगात तुमचा उल्लेख नाही. बरवे घरादाराला लावायचा इनॅमल रंग कॅनव्हासवर वापरायचे, हे मी चारचौघांत कौतुकानं सांगते. चिकटवायची मैद्याची खळ शिजवायला मला कुणी शिकवलं, हे मात्र कधी सांगितलं नाही.

तुम्हाला आठवत असेल का ठाऊक नाही, पण मी पहिल्यांदा आले ती आषाढात. हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सहा बोर्ड. आठ दिवसांवर प्रदर्शन, आणि पुठ्ठे पापडासारखे वळलेले. वरची जुनी पत्रं, तिकिटं, साडीच्या काठाचे तुकडे कडेनं सुटायला लागलेले. फ्रेमवाल्यानं हात वर केले होते. “हे बाइंडरचं काम,” म्हणून त्यानं मला अप्पा बळवंत चौकातल्या तुमच्या गल्लीत धाडलं. जिन्याखालचं दुकान. अर्धी जागा कटिंग मशीननं खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात कुणाकुणाचे प्रबंध, संस्थांची रजिस्टरं आणि मधोमध पाटावर तुम्ही.

माझी चित्रं मी फार गंभीर चेहऱ्यानं उलगडली. तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाही. बोर्ड उलटा केलात, अंगठा फिरवलात आणि म्हणालात, “कागद आडवा लावलाय.”

मला वाटलं, चित्र उलटं धरलंय असं म्हणताय.

मग तुम्ही पेपरचं एक पान घेऊन वरून खाली फाडलंत. सरळ फाटलं. दुसरं आडवं फाडलंत, तर ते भरकटत कुठल्या कुठे गेलं. कापडाला उभा-आडवा असतो तसा कागदालाही असतो, हे मला कलाशाळेतल्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं त्या दिवशी मी चहाला गेले असेन. गिरणीत कागद तयार होताना तंतू एका दिशेला वळतात. ओला झाला की कागद फुगतो तो त्यांच्या रुंदीच्या बाजूला, आणि वाळताना तिकडूनच आक्रसतो. पुठ्ठ्याचा उभा एकीकडे आणि कागदाचा दुसरीकडे गेला, की कागद पुठ्ठ्याला ओढत नेतो. दोन्हींचा उभा एकाच दिशेला आला तरी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला तसाच कागद लावायचा. “पुढून ओढ दिलीस ना, मग मागून पण द्यायची,” एवढंच तुम्ही म्हणालात. माझ्या गेल्या दहा वर्षांतल्या प्रत्येक बोर्डाची पाठ कागदानं मढवलेली आहे. ती भिंतीकडे असते, त्यामुळे कुणी बघत नाही.

त्या सहांतले चार बोर्ड गेलेच. मी वापरला होता डब्यातला पांढरा गोंद. तुम्ही कोपरा भिजवून पाहिलात, नखानं खरवडलंत, तो काही सुटेना. मग तुम्ही फळीवरून एक जुनं, मोडकं रजिस्टर काढलंत. त्याच्या पाठीवर खळीचा ओला थर दिलात आणि तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागलात. अर्ध्या तासानं जुनं कापड, जुना कागद, सगळं सायीसारखं अलगद निघून आलं. त्या रजिस्टराचा पहिला बाइंडर कोण होता ते तुम्हाला माहीत नव्हतं. “पण शहाणा होता,” तुम्ही म्हणालात. “खळीनं लावलं होतं. आपण लावलेलं सोडवताना पुढच्या बाइंडरनं आपल्याला शिव्या घालता कामा नयेत.”

तेव्हा मी हसले होते. आता माझ्या स्टुडिओत (म्हणजे कोथरूडच्या घराच्या मागच्या बाल्कनीत) निम्मं काम सोडवण्याचं चालतं. जुनं चित्र पटेनासं झालं की ओल्या टिपकागदाखाली ठेवते, कपटे सुटे करते आणि नव्यात घेते. एक पिवळं एसटीचं तिकीट आतापर्यंत तीन चित्रांतून फिरून आलंय. त्यातलं एक चित्र विकलं गेलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांनी ते बदलून मागितलं, आणि खळीमुळे मला ते तिकीट वाचवता आलं. डब्यातला गोंद असता तर ते कापूनच काढावं लागलं असतं.

खळ करायला शिकवलीत तो दिवस मात्र मला शब्दाशब्दानं आठवतो. स्टोव्ह, ॲल्युमिनियमचं काळं पातेलं. मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये. मग मंद आचेवर, हात न थांबवता. पांढरी खळ कच्ची. ती पारदर्शक व्हायला लागली, पळीवरून ताणत पडायला लागली की उतरवायची. शेवटी चिमूटभर मोरचूद, कसर लागू नये म्हणून. बोटाच्या चिमटीत धरून तुम्ही खळ पाहायचात, सुगरण पाक बघते तशी. तुमच्या वडिलांच्या वेळी चिंचोक्याची खळ असायची हेही तुम्ही सांगितलंत, आणि घोंगडीच्या ताण्याला धनगर अजून चिंचोक्याचीच खळ देतात हेही.

आता गंमत ऐका. राउशेनबर्ग नावाचा अमेरिकन चित्रकार होता. पेंढा भरलेल्या शेळीच्या पोटाभोवती मोटारीचा टायर अडकवून त्यानं एक कलाकृती केली, म्हणून तो जगभर गाजला. हा माणूस १९७५ मध्ये अहमदाबादला आला आणि गांधी आश्रमाच्या हातकागदाच्या कारखान्यात त्यानं काम केलं. तिथं त्यानं चिखल आणि कागदाचा लगदा यांचं एक मिश्रण वापरलं. त्यात काय काय होतं याची यादी मी पहिल्यांदा वाचली आणि जागेवर उठून उभी राहिले. मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची पूड, डिंक आणि मोरचूद! काका, ती तुमच्या फळीवरच्या डब्यांची यादी आहे. अमेरिकेहून येऊन तो जे शिकला, ते मी मंडईपासून पाच मिनिटांवर शिकले.

आणि तो श्वीटर्स. जर्मनीतल्या हानोवरचा. पहिल्या महायुद्धानंतर तो रस्त्यावरची ट्रामची तिकिटं, पाकिटं, वेष्टणं गोळा करून चित्रं करू लागला. एका बँकेच्या छापील कागदातला ‘कोमर्त्स’ हा शब्द कापताना त्याच्या हाती ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा राहिला, तर तेच त्यानं १९१९ पासून आपल्या सगळ्या कामाचं नाव केलं. घरात खोल्याच्या खोल्या व्यापणारी एक रचना त्यानं वर्षानुवर्षं वाढवली होती, ती १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेली. हे सगळं मला कॉलेजपासून माहीत होतं. पण त्याला काम करताना पाहिलेल्या एका बाईंची आठवण मी तुमच्याकडे शिकल्यानंतर वाचली. तो कागदावर पीठ आणि पाणी पसरायचा आणि त्या ओलसर चिकट थरात कपटे बोटांनी सरकवत राहायचा, जागा सापडेपर्यंत. म्हणजे खळच की! त्याची चित्रं अशी हललेली, घसरत घसरत थांबलेली का दिसतात, ते मला त्या दिवशी कळलं. खळ हात फिरवायला वेळ देते. आधी पेन्सिलीनं आखून मग चिकटवणं मी तिथंच सोडलं.

पिकासोचं चित्र मी तुम्हाला फोनवर दाखवलं होतं, आठवतं? १९१२ चं, लंबगोल, कडेनं दोरखंड गुंडाळलेला. त्यात खुर्चीच्या वेताची वीण आहे, पण ती त्यानं काढलेली नाही, विणीचा छाप असलेलं मेणकापड आणून डकवलंय. चित्रात बाहेरची वस्तू चिकटवण्याच्या गोष्टीची सुरुवात सगळे इथूनच सांगतात. तुम्ही बराच वेळ बघत होतात. “म्हणजे वेत काढायचे कष्ट वाचवले,” तुम्ही म्हणालात, “हुशार आहे.” आणि मग, “मेणकापड चिकटत नाही सहजी. कशानं लावलं?”

मला सांगता आलं नाही.

सगळ्यात मोठं देणं राहिलंच. कातरण. पुस्तकं कापल्यावर मशीनखाली पडणाऱ्या त्या लांब, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. कुणाच्या कडेला रंग जुळवायच्या, अधिकच्या चिन्हासारख्या खुणा, कुणावर निळ्या-लाल-पिवळ्या-काळ्या चौकोनांची ओळ, कुठं मुखपृष्ठाचा निसटलेला आकाशाचा तुकडा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या वेळी तर पोती भरायची. त्यातलं एक पोतं तुम्ही पायानं माझ्याकडे सरकवलंत, “ने, रद्दीवाला तरी काय देतो.” पट्ट्या एकाखाली एक लावत गेले तर आमच्या भोरकडची भातखाचरं उमटायला लागली, बांधाबांधानं उतरत जाणारी. माझं पहिलं नाव झालं ते त्या मालिकेमुळे. कातरणीचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. वही बांधून घेतली की मात्र रोख, आणि तेही जुजबंदी (पानांचे जुडगे दोऱ्यानं शिवायच्या) शिलाईचा दर धरून. हे मला फार आवडायचं.

लोक मला हटकून आजीच्या गोधडीबद्दल विचारतात. तुकडे जोडते म्हटल्यावर गोधडी आलीच पाहिजे. माझ्या आजीला शिवणाचा कंटाळा होता. आमच्याकडच्या गोधड्या शेजारच्या काकू शिवायच्या आणि आजी पलीकडे बसून पेपर वाचायची. तेव्हा वारसा म्हणून सांगायला माझ्याकडे पेपर तेवढा आहे.

तुमच्यामुळे मी कागद शोधायला लागले. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून सुती चिंध्यांचा कागद करतात. तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी सवयीनं फाडून पाहिला आणि कुठल्याच बाजूनं सरळ फाटेना. धावत तुमच्याकडे आले. “हातानं गाळलेल्याला उभा-आडवा फारसा नसतोच,” म्हणालात, आणि पेशव्यांच्या दफ्तरातल्या जुन्नरी कागदाची गोष्ट सुरू केलीत. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाचा प्रबंध रखडला. तो मुलगा दारात उभा राहून माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, त्याचीही माफी मागून घेते.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलेलं नाही. मोरचूद मी सोडलं. कसर लांब राहते हे खरं, पण त्यातलं तांबं कागदाला हळूहळू कमकुवत करतं, तो पिवळा, कडक होत जातो. जुने कागद जतन करणारी मंडळी त्यापासून चार हात लांब राहतात. म्हणून मी लागेल तेवढीच खळ रोज ताजी शिजवते. तुम्ही म्हणाल, “आमची रजिस्टरं नाही कडक झाली.” मला माहीत आहे. तरी नाही घालणार.

तुमचं दुकान बंद झाल्याचं मला उशिरा कळलं. आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. कटिंग मशीन भंगारात गेलं की कुणी नेलं, हे विचारायचा धीर झाला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं, हे नातीकडून समजलं. बारीक सुई ओवायला अजून बंदी आहे का?

तुमच्याकडे एक कामही आहे. श्रावण लागला की माझी खळ संध्याकाळपर्यंत आंबते. लवंगेचं तेल दोन थेंब घालून पाहिलं, फरक पडला, पण कागदाला बिर्याणीचा वास येतो. दुसरं काही असेल तर सांगा. रविवारी सकाळी हडपसरला येते. पातेलं घेऊनच येते, तुम्ही चिमटीत धरून बघा.

तुमची,
कातरणवाली

ता. क. घड्या दाबायची तुमची हाडाची पट्टी हरवलेली नाही. ती अकरा वर्षं माझ्याकडे आहे. एका टोकाला तुमच्या अंगठ्यानं पडलेला खळगा आहे, त्यात आता माझाही बसतो. आणायला सांगू नका.