त्या रात्रीच्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

आमच्या लेकीच्या पाठीचा बाक सरळ करायचं ऑपरेशन झालं, मणक्यात रॉड बसले, त्या रात्री आयसीयूत तुमची ड्युटी होती. आमचा सगळा जीव तिचे पाय हलतात का, यात अडकलेला. तुम्ही मात्र दर तासाला वाकून युरिन बॅगेवरचा आकडा बघत होतात, चार्टवर लिहीत होतात. मध्यरात्रीनंतर लघवी कमी होत गेली, गर्द पिवळी दिसू लागली. अंगात पाणी कमी पडलं असेल, असंच कुणालाही वाटावं. पण नाडी आणि बीपी व्यवस्थित होतं, चेहरा मात्र किंचित सुजलेला. तुम्ही सलाईन वाढवलं नाहीत. डॉक्टरांना उठवलंत, रक्त आणि लघवी तपासायला पाठवलीत. सोडियम 127 आलं, जे 135 ते 145 असायला हवं.

मग तशा गडबडीतही तुम्ही आम्हाला नीट समजावलंत. मोठ्या ऑपरेशननंतर वेदना, मळमळ, ताण यांमुळे शरीरात एडीएच हे हार्मोन जास्त सुटतं. ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावतं आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. अशात आणखी पाणी गेलं तर मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात. म्हणून पाणी मोजून द्यायचं. आणि सोडियम घाईघाईनं वर आणायचं नाही, तेही मेंदूला सोसत नाही.

सगळ्यात अवघड होतं ते तिचं "आई, पाणी" ऐकणं. तुम्ही ओल्या कापसानं तिचे ओठ टिपलेत, चमच्यानं पाणी दिलंत आणि तो चमचाही चार्टवर मांडलात. सकाळी तिच्या आजी शहाळं घेऊन आल्या. तुम्ही त्यांचा हात हातात घेऊन म्हणालात, "आजी, घरी गेल्यावर पोटभर पाजा. आज नको." आजींना वाईट वाटलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

पुढे सोडियम हळूहळू वर आलं, लघवी मोकळी झाली. आता लेक ताठ पाठीनं शाळेत जाते.

डिस्चार्ज कार्डावर सर्जनचं नाव आहे आणि त्यांचे उपकार आहेतच. तुमचं नाव त्यावर कुठेच नाही, म्हणून हे पत्र लिहिलं. याची एक प्रत मेट्रनबाईंनाही देत आहे.

तुमची ऋणी,
एका पेशंटची आई