अंधार फाटकाच्या आतलाच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

पुण्यातल्या एका विद्यापीठाने गेल्या महिन्यात मुलींच्या वसतिगृहात परतण्याची वेळ रात्री दहावरून साडेआठवर आणली. नोटिशीत कारण एका ओळीत उरकले आहे : ‘विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने’. माझी भाची तिथे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणून ती नोटीस माझ्या फोनवर येऊन पोहोचली. संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आले की चर्चा त्या एका आवाराभोवती फिरत राहते आणि बाकीचे निर्धास्त होतात. मी स्वतः एकोणतीस वर्षे महाविद्यालयात शिकवले, त्यातली सहा वर्षे मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते आणि अशा नोटिशींवर मीही सह्या केल्या आहेत. त्यामुळे हे पत्र कुणा परक्याची तक्रार समजू नये.

नोटीस वाचल्यावर एका शनिवारी संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी भाचीबरोबर ग्रंथालयापासून तिच्या वसतिगृहापर्यंत चालत गेले. अंतर जेमतेम पाऊण किलोमीटर. वाटेत बावीस दिव्याचे खांब मोजले, त्यांतले नऊ बंद होते. उरलेल्यांपैकी चार दिवे जळत होते खरे, पण झाडांच्या फांद्या वाढत वाढत दिव्याच्याही वर गेलेल्या, त्यामुळे उजेड सगळा पानांत अडकलेला आणि खाली पायवाट काळीकुट्ट. कागदोपत्री हे चारही खांब ‘चालू’ असणार. एका वळणावर जुन्या प्रयोगशाळेची भिंत आणि पडीक वाहने यांच्यामध्ये तीन माणसे जेमतेम मावतील एवढी बोळ आहे. तिथे आल्यावर भाचीने बोलणे थांबवून मोबाईलची बॅटरी लावली. तिने ते इतक्या सवयीने केले, की रोज हीच सवय असणार हे मला विचारावे लागले नाही. साडेआठची वेळ पाळणाऱ्या मुलीलाही हिवाळ्यात हीच वाट अंधारातच तुडवायची आहे, कारण डिसेंबरात पुण्यात सहा वाजताच दिवस मावळतो.

वसतिगृहाच्या फाटकाशी रखवालदार होते, साठीच्या आसपासचे, ठेकेदाराकडचे, बारा तासांची पाळी. मागच्या बाजूला कुणी ओरडले तर काय करता, असे मी विचारले. ‘बाई, रजिस्टर सोडून उठायचं नाही, असं सांगितलंय,’ ते म्हणाले. त्यांच्याकडे ना बॅटरी होती, ना वायरलेस. त्यांना मी बोल लावत नाही. मुली आत किती वाजता आल्या हे लिहून ठेवण्यासाठी त्यांना बसवले आहे आणि ते काम ते चोख करतात.

आता माझ्याबद्दल सांगते. रेक्टर असताना एका रात्री एक मुलगी वीस मिनिटे उशिरा आली. चेहरा उतरलेला, श्वास लागलेला. मी तिला आधी ‘उशिरा येणाऱ्यांच्या’ वहीत सही करायला लावली, कारण लिहायला सांगितले आणि पालकांना कळवीन असा दमही दिला. ‘बस चुकली’ एवढे लिहून ती खोलीत गेली. दोन आठवड्यांनी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीकडून कळले, की त्या रात्री मोटरसायकलवरचे दोघे मुख्य फाटकापासून तिच्या मागे लागले होते, आणि त्यांना चुकवण्यासाठी ती उलट्या वाटेने आल्यामुळे उशीर झाला होता. ते मला सांगण्याची सोय मीच ठेवली नव्हती. वेळेचा नियम जितका कडक, तितकी उशिरा आलेली मुलगी आधी गुन्हेगार ठरते आणि मग तिच्यावर काय गुदरले हे सांगायला तिचे तोंड उघडत नाही. वर अशा आवाराच्या अहवालात ‘तक्रारी : निरंक’ असे लिहिले जाते आणि सगळ्यांना हायसे वाटते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांतील लैंगिक छळाविषयी २०१५ मध्ये केलेल्या विनियमांत, सुरक्षिततेचे कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. सार्वजनिक जागी पुरेसा उजेड, मोठ्या आवारात ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृहे यांना जोडणारी भरवशाची वाहनव्यवस्था, प्रशिक्षित सुरक्षा कर्मचारी आणि त्यांत स्त्रियांचे योग्य प्रमाण, या अपेक्षाही तिथेच लिहिल्या आहेत. यातले उजेडाचे आणि वाहनाचे काम खर्चाचे आहे, म्हणून ते मागे पडते. फाटकाची वेळ बदलायला एक कागद पुरतो.

त्याच विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असावी लागते, तिच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ स्त्री अध्यापक हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर त्यांनी निवडून दिलेले तीन विद्यार्थी समितीत हवेत. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. या आवारात समितीचा फलक प्रशासकीय इमारतीच्या जिन्याखाली, झेरॉक्सच्या यंत्रामागे सापडला. अध्यक्ष म्हणून ज्या बाईंचे नाव होते, त्या निवृत्त झाल्या आहेत. विद्यार्थी सदस्यांची जागा कोरी. दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला, तेव्हा लेखा विभागातल्या गृहस्थांनी तो उचलला आणि ‘सोमवारी करा’ असे सौजन्याने सांगितले. छळ झालेल्या मुलीला तक्रारीसाठी साधारण तीन महिन्यांची मुदत असते, त्यांतले किती सोमवार असे जात असतील कोण जाणे.

हे फक्त मुलींपुरते नाही. रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला. त्यात तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करणे संस्थाप्रमुखावर बंधनकारक आहे, आणि त्याने हयगय केली तर गुन्ह्याला साथ दिली असे मानले जाते. मुलांच्या वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या किती मुलांना ही तरतूद सांगितली जाते? आमच्या वेळी सांगितली जात नव्हती. प्रवेश घेताना हमीपत्रावर सही घेत असू, एवढेच.

जून २०२३ मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला, तेव्हा तिला वाचवले ते रस्त्यावर असलेल्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी. पेठेत पहाटेपासून अभ्यासिकांत येणाऱ्या मुलामुलींची ये-जा असते, म्हणून हाकेला धावणारे कुणीतरी तिथे होते. विद्यापीठाच्या आवारात साडेआठनंतर मुलींना आत कोंडले, तर त्या वाटा आणखी ओस पडतील, आणि प्रयोग अर्धवट टाकून निघता न आलेल्या एखादीला त्याच ओसाड वाटेने एकटीने यावे लागेल. तिने हाक मारली तरी ती कुणाला ऐकू जाणार? फाटकावरचे काका तर रजिस्टर सोडून उठू शकत नाहीत.

संबंधित विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती अगदी साधी आहे. कुलसचिवांनी आणि वसतिगृहप्रमुखांनी एका रात्री नऊ वाजता, गाडी न घेता आणि सोबत शिपाई न नेता, ग्रंथालयापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंत चालत जावे. बंद खांब आणि फांद्यांत बुडालेले दिवे तेव्हाच लिहून घ्यावेत, फांद्या छाटायला सांगाव्यात, रखवालदाराला बॅटरी आणि उठून जाण्याची मुभा द्यावी, आणि तक्रार समितीच्या आजच्या सदस्यांची नावे व त्यांचे चालू मोबाईल क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या खानावळीत लावावेत. ‘उशिरा येणाऱ्यांची’ वही बंद करता येत नसेल, तर निदान तिच्यात ‘कारण’ या रकान्याआधी ‘मदत हवी आहे का’ असा एक रकाना वाढवावा. मी माझ्या सहा वर्षांत तो वाढवला नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका,
औंध, पुणे